स्कारन नावाचं पुठ्ठ्याचं बंदर

टेक्ससमध्ये थंडी सांगून येत नाही. दुपारी जेवायच्या वेळी शेजारचा माणूस अर्ध्या चड्डीत लॉन कापत असतो आणि चहाच्या वेळेला तोच कानटोपी घालून कचऱ्याचा डबा आत ओढत असतो. मधल्या वेळात उत्तरेच्या बाजूनं आभाळाला काळीनिळी कड येते, वारा पडतो, आणि मग उलट्या दिशेनं असा सुटतो की मागच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पार कुंपणाला जाऊन लागतात. इथले लोक याला नॉर्दर म्हणतात. यंदाचा पहिला नॉर्दर काल आला. मुक्ता शाळेतून आली ती दप्तर सोफ्यावर टाकत, ‘मॉम, इट्स फ्रीझिंग, हीटर लाव ना,’ म्हणत. मी हीटर लावला. मोसमात पहिल्यांदा लावला की त्याला धुळीचा, करपल्यासारखा वास येतो. तो वास नाकात गेला आणि मी ओट्याला टेकून नुसती उभी राहिले. काही काम केलेलं नसताना अंग दमून गेलं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. केतकी होती. मागच्या गल्लीत राहणारी, नागपूरची, लग्न होऊन अलीकडेच आलेली मुलगी. थंडीनं नाक लाल झालेलं.

‘काकू, तुमच्याकडे रिकामे खोके असतील का हो? मोठे असले तर बरं.’

‘गॅरेजमध्ये बघू या,’ मी म्हटलं.

‘अमोलचं प्रोजेक्ट कॅन्सल केलं ना त्यांनी. म्हणजे अजून फायनल नाहीये, पण…’

मी पुढे काही विचारलं नाही. खोकी मागायला आलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं, एवढं मी या देशात शिकले आहे. टीव्हीवर हल्ली रोज बँका बुडाल्याच्या बातम्या असतात. फ्रिस्कोच्या आमच्या या नव्याकोऱ्या वस्तीत अर्धी घरं आपल्या लोकांची, आणि त्या घरांमध्ये संध्याकाळी दिवे लागले की आतली माणसं काय बोलत असतील ते मला भिंतीपलीकडून कळतं. हे सगळं आम्ही एकदा करून बसलो आहोत. दोन हजार दोनच्या ऑक्टोबरमध्ये, जवळच्याच अर्विंगला. तेव्हाही असाच नॉर्दर आला होता, आणि तेव्हा माझ्याकडे खोकी म्हणजे एक अख्खं शहर होतं.

त्या वर्षी टेलिकॉम कंपन्या पत्त्यांसारख्या कोसळत होत्या. आमच्या अपार्टमेंटच्या आवारात सगळे पुणे, मुंबई, नागपूरहून आलेले. पुरुष माणसं भर दुपारी पोरांना शाळेतून आणायला येऊ लागली, तेव्हा आम्हा बायकांना कळायचं की याचीही गेली. ‘बेंचवर आहे’ असं म्हणायची पद्धत होती. ऐकायला किती बरं वाटतं, जणू कुणी बागेत बसलंय. व्हिसा कंपनीच्या नावावर. कंपनीनं हात वर केले की दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. शनिवार-रविवारच्या गप्पांत दुसरा विषय नव्हता.

आणि मी? पुण्यात मी आर्किटेक्ट होते. दोन शाळा, एक वाचनालय आणि बरेचसे कंटाळवाणे फ्लॅट माझ्या हातून उभे राहिले होते. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावरची बायको. कामाची परवानगी नाही. आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मी मसाल्यांच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे लावल्या, मग चिडून सगळ्या एका पिशवीत भरून ठेवल्या. शिरीष म्हणायचा, ‘अगं एन्जॉय कर ना, इतकी वर्षं राबलीस.’ त्याला फेकून मारण्यासारखं हाताशी काही नसायचं म्हणून तो वाचला.

त्यामुळे मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक कुणी बसवायचं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. पाठककाका म्हणजे मंडळातले सगळ्यात जुने. स्वतःचं घर, स्वतःचं गॅरेज, ग्रीन कार्ड हातात. त्यांनी फर्मावलं, ‘काहीतरी ऐतिहासिक घ्या. मुलांवर संस्कार होतील.’ मुलांना विचारलं तर मुक्ता, तेव्हा नऊ वर्षांची, म्हणाली, ‘कॅन वी हॅव स्नो?’ दुसऱ्या एकाला समुद्र हवा होता, तिसऱ्याला व्हेल. एकाला ड्रॅगन हवा होता, पण त्याच्या आईनंच तो नामंजूर केला, कारण शिवायचा तिला होता. टेक्ससच्या सपाट उन्हात वाढलेली ही मुलं, बर्फ त्यांनी फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला.

असं स्कारन जन्माला आलं. नाव मुक्तानं ठेवलं, अर्थ विचारला तर खांदे उडवले. पृथ्वीच्या पार उत्तरेला, जिथे नकाशे संपतात, तिथलं हे बंदर. काळ्या दगडाचा तट, समुद्रात दोन हात पसरल्यासारखे दोन धक्के, आणि त्यांच्यामध्ये रात्री ओढून घ्यायची जाड साखळी. हिवाळ्यात समुद्र गोठतो, म्हणून शेवटचं जहाज आत आलं की वेशीचा दरवाजा लावायचा तो थेट वसंतात उघडायचा. रस्त्यांवरचे दिवे माशाच्या तेलाचे. तटावर शेळ्या चरतात. एक भटारखाना बारा महिने उघडा असतो, आणि तिथे पाव, डोनट आणि पोहे मिळतात. पोह्यांवरून वाद झाला. मी म्हटलं, स्कारनमध्ये भात पिकत नाही, पोहे कुठून येणार? सई नावाची सगळ्यात धाकटी पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मावशी, इंडियन स्टोअरमधून!’ मग स्कारनमध्ये इंडियन स्टोअरही आलं.

तटासाठी खोकी लागणार होती. एका मोठ्या दुकानाच्या मागे फ्रीजची, वॉशिंग मशीनची खोकी टाकलेली असत. शिरीष आणि मी ती गाडीच्या टपावर बांधून आणायचो. पाठककाकांच्या गॅरेजमध्ये मी ती उभी केली, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी सुखात होते. मी तटाला खालून निमुळता उतार दिला. वर चालायची फांजी दाखवली, भिंतीत तिरप्या जंग्या कापल्या, म्हणजे आतल्या माणसाला बाहेरचा दिसावा आणि बाहेरच्याला आतला दिसू नये. दोन बुरूज केले. मोठा दरवाजा नुसता रंगवलेला होता, पण त्याच्या पोटात एका मुलापुरती उघडणारी दिंडी ठेवली. पोस्टर कलरच्या काळ्या-करड्या छटा स्पंजनं ठोकून दगड काढले. सई येऊन भिंतीला बोट लावून विचारायची, ‘हाऊ थिक इज इट?’ मी म्हणायचे, बारा हात. ती आ वासायची. अमेरिकेत मला माझ्या कामाचा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस म्हणजे ही सहा वर्षांची सई.

शनिवारी दुपारी तालीम. मुलांच्या हातात रोमन लिपीत लिहिलेले मराठी संवाद. ती ते वाचायची तेव्हा माझ्या शूर दर्यावर्दींना सर्दी झाल्यासारखं वाटायचं. मागे घडीच्या खुर्च्यांवर आया, आणि बाहेर ड्राइव्हवेवर पेपर प्लेटमध्ये चिवडा घेऊन उभे बाप.

‘यार, व्हिसा ट्रान्सफर फाइल केली का त्यांनी?’

‘करतो म्हणालेत. तुझं?’

‘माझा मॅनेजरच गेला.’

आत बर्फ पडत असायचा. जुन्या उशीतला कापूस सई मुठीमुठीनं उडवायची.

पहिलं घर कुलकर्ण्यांचं गेलं. त्यांचा ओम आमच्या जहाजाचा कप्तान होता. त्याची आई तालमीच्या शेवटी माझ्याजवळ येऊन घुटमळत राहिली. मला वाटलं मुलाच्या कपड्यांचं विचारेल. तिनं विचारलं, ‘तुझ्याकडची एक-दोन खोकी देशील का गं? दुकानात मिळतात ती लहान पडतायत.’ मी तटाच्या मागची, प्रेक्षकांना न दिसणारी दोन काढून दिली. कप्तानाचं काम दुसऱ्याला दिलं. आठवड्यानं आणखी एक कुटुंब. मग आणखी एक. खोकी मागायला सगळे माझ्याकडेच यायचे, कारण अर्विंगमधली धडकी, मजबूत, दुहेरी पुठ्ठ्याची खोकी मी आधीच गोळा करून तटाला लावली होती. नाही कुणाला म्हणणार? उजवा बुरूज नागपूरला गेला. एका बाईनं त्यात मिक्सर, कुकर आणि मुलांची पुस्तकं भरली, वरून टेप गुंडाळली आणि विमानात चढवला. नागपूरच्या कुठल्यातरी माळ्यावर स्कारनचा एक बुरूज अजून असेल. उंदरांनी ठेवला असेल तर.

जाणारी माणसं खोकी न्यायची आणि बदल्यात बाकी सगळं ठेवून जायची. अर्धी भरलेली तूरडाळ, हिंगाच्या डब्या, पोळपाट, आणि कढीपत्त्याची रोपं. कढीपत्ता विमानातून नेता येत नाही आणि टाकवतही नाही. माझ्या बाल्कनीत कुंड्या वाढत गेल्या. कितीतरी आठवडे आम्ही कुलकर्ण्यांच्या डाळीची आमटी जेवत होतो. शिरीष एकदा घास घेता घेता म्हणाला, ‘बरी लागते ना, गेलेल्या माणसांची डाळ?’ आम्ही हसलो, आणि मग मुक्ता आमच्याकडे बघते आहे हे लक्षात आलं.

नाटकात मी शत्रू घातला होता. तट बांधलाय म्हटल्यावर शत्रू हवाच, नाही का? समुद्री चाचे येतात, वेढा घालतात, स्कारन लढतं. पण मुलांना त्या चाच्यांत गोडी नव्हती. तालमीत चाचे आले की ती जांभया द्यायची. एका शनिवारी मुक्तानं, जी वेशीवरची पहारेकरीण होती, भाला आडवा धरून भलताच संवाद म्हटला. चाच्यांकडे पाठ करून, आतल्या मुलांकडे बघत.

‘बाहेर जायला बंदी आहे.’

‘मुक्ता, तोंड तिकडे. शत्रू बाहेर आहे,’ मी म्हटलं.

‘नो, आई. वॉल त्याच्यासाठी नाहीये.’

‘मग कशासाठी आहे?’

‘कोणी लीव्ह करू नये म्हणून.’ आणि मग, मला समजलं नसेल असं वाटून, ‘लाइक ओम.’

बाकीची मुलं माना हलवत होती. हे सगळ्यांना कधीपासून ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. किल्ला कसा रचतात ते मी शिकून आले होते, नकाशे काढले होते, मार्क मिळवले होते. त्या दिवशी मी चाचे काढून टाकले. नवीन नाटक सोपं होतं. हिवाळा येतो, पहारेकरीण दार लावते, आणि वसंत येईपर्यंत स्कारनमधली माणसं एकमेकांना धरून राहतात. पाठककाका म्हणाले, ‘यात काही घडत नाही.’ मी म्हटलं, काका, तेच तर हवंय.

मला ते नाटक व्हायला हवं होतं. इतकं काही मला या देशात कधीच हवंसं वाटलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये, उरलेला तट आणि उरलेली मुलं उभी राहायला हवी होती. दर शनिवारी गॅरेजमध्ये शिरताना मी आधी डोकी बघायचे, मग खोकी. जाणाऱ्या बायकांचा मला राग यायला लागला होता, त्यांचा काही दोष नाही हे माहीत असून. आणखी थोडे दिवस थांबलात तर काय होईल, असं ओठांवर यायचं.

मग शिरीष भर दुपारी मुक्ताला शाळेतून घेऊन आला.

त्यानं बूट काढले, पाणी प्यायला, आणि म्हणाला, ‘फ्रीमाँटची ऑफर आहे, कॅलिफोर्नियात. मागेच बोललो होतो ना, ते लोक. पुढच्याच आठवड्यात जॉइन करा म्हणतायत.’

‘नाटक झाल्यावर निघू,’ मी म्हटलं.

‘अगं, त्यांना थांबा म्हटलं तर दुसरा उभा आहे. शनिवारी निघायला लागेल, ड्राइव्ह करत.’

‘तू हो पुढे. मी आणि मुक्ता मागून येतो.’

‘लीज संपवायचीय. गाडी एक. कुठे राहणार तुम्ही?’

तो बरोबर होता. फार वाईट असतं माणूस बरोबर असणं. मी आमटी ढवळत राहिले. थोड्या वेळानं तो, आवाज शक्य तितका मऊ करून, म्हणाला, ‘त्या उरलेल्या बुरुजात आपलं सगळं किचन बसेल.’

‘त्याला हात लावायचा नाही,’ मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं की मुक्ता आतून आली. शिरीष किल्ल्या घेऊन गेला आणि किराणा दुकानाच्या मागून केळ्यांची खोकी घेऊन आला, भोकं पडलेली, चिकट. आमचा संसार केळ्यांच्या वासात कॅलिफोर्नियाला गेला. कढीपत्त्याच्या कुंड्या मी सईच्या आईकडे दिल्या. तिची बाल्कनी आधीच भरलेली होती.

मुक्ताला कसं सांगायचं याची मी तयारी करत होते. सांगावं लागलं नाही. तिनं आपला भाला दाराशी आणून ठेवला होता, सईला द्यायचा म्हणून.

फ्रीमाँटला आम्ही टाउनहाउसमध्ये राहिलो. शिरीष रोज फ्रीवेवर तासनतास अडकायचा, मी मुक्ताला पोहायला नेऊन आणायचे. नंतर पुन्हा इकडे बदली झाली आणि फ्रिस्कोत हे घर घेतलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत अजून, मला अजून काम करता येत नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, ‘चाललंय.’ नाटक झालं, हे सईच्या आईनं फोनवर सांगितलं. फोटोही पाठवले. तट इतका बुटका उरला होता की मुलांना मागे लपायला गुडघ्यांवर बसावं लागत होतं, आणि प्रेक्षक त्याला हसले म्हणे, प्रेमानं. पाठककाकांनी मुलांना पेढे दिले. मुक्ताला मी कधीतरी विचारलं, तुला स्कारन आठवतं का गं? ‘द कार्डबोर्ड थिंग? काइंड ऑफ,’ म्हणाली आणि कानात गाणी घालून वर निघून गेली. तिला आठवत असेल तर ते तिच्यापाशी राहू दे. मला मात्र हीटरचा वास आला की निघायच्या दिवशीचं ते गॅरेज आठवतं, आणि ते आठवायचं टाळण्याची ताकदही आता राहिली नाही.

शनिवार होता, दुपार. सकाळीच नॉर्दर येऊन गेला होता. गॅरेजचं दार उघडं, वाऱ्यानं पुठ्ठे थरथरत होते. गाडी भरून बाहेर उभी, शिरीष आत बसलेला, इंजिन चालू. निरोप घ्यायला म्हणून आम्ही दहा मिनिटं थांबलो होतो. पाठककाकूंनी दशम्या बांधून दिल्या. मी तटाच्या मागे सईच्या आईला दाखवत होते, कुठली दोरी कुठे बांधायची, कुठल्या खोक्याला हात लावायचा नाही. मुक्ता सगळ्या मुलांना भेटली. भाला सईच्या हातात दिला, तो कसा धरायचा ते दाखवलं, आणि ‘ओके, बाय,’ म्हणून दिंडीकडे निघाली.

सई दिंडीची वाट अडवून उभी राहिली. भाला आडवा.

मोठी माणसं हसली. काका म्हणाले, ‘अगं सोड तिला, सई. तालीम नाहीये आत्ता.’

‘नो,’ सई म्हणाली.

हसणं थांबलं. वारा तेवढा येत होता. तटाच्या दोन्ही बाजू कधीच्याच गेल्या होत्या. समोर दरवाजा आणि एक बुरूज, बाकी मोकळं गॅरेज. दोन पावलं डावीकडे टाकली असती तर मुक्ता सरळ चालत गाडीत जाऊन बसली असती. मला वाटलं आता ती तसंच करील. ती भाल्यासमोर उभी राहिली. मला इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी माझी मुलगी सईशी हळू आवाजात मराठीत बोलली.

‘दार उघड, सई. बाबा गाडीत बसलेत.’

सईनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि भाला तिच्या उंचीपेक्षा मोठा होता. बाहेर शिरीषनं एकदा हॉर्न वाजवला, अगदी थोडासा, चुकून लागल्यासारखा. मुक्ता जागची हलली नाही. मग सईनं भाला भिंतीला टेकवला, दोन्ही हातांनी ते पुठ्ठ्याचं दार ओढलं, आणि मुक्ता वाकून बाहेर गेली.

मी अजून आतच होते. मलाही कडेनं जाता आलं असतं. साडीचा पदर खोचला, गुडघे जमिनीला टेकले, आणि मुलांच्या मापानं मीच कापलेल्या त्या दारात अंग आवळून शिरले. सई दार धरून उभी होती. रडता रडता तिनं माझ्या डोक्यावर हात आडवा धरला.

‘मावशी, डोकं सांभाळ,’ ती म्हणाली. ‘वॉल दगडाची आहे.’